छप्पर, माकडं आणि काचेचं एक कौल : शेतघराच्या नोंदी

३ मार्च, रविवार

कुलूप उघडायलाच पाऊण तास गेला. किल्ली आत शिरेना. वाटलं गंज असेल, म्हणून तेल सोडलं, दगडाने हळूच ठोकलं. शेवटी काडी घालून बघितलं तर आतून माती येऊ लागली. कुंभारीण माशीने किल्लीच्या भोकात घर केलं होतं. मातीमागून चार हिरव्या अळ्या निघाल्या. जिवंत, पण हलता न येणाऱ्या. माशी त्यांना डंख मारून लुळं करते आणि आपल्या पिल्लासाठी शिधा म्हणून कोंडून ठेवते. हे मी दरवर्षी वर्गात तोंडपाठ सांगते. कुलपातून काडीने उकरताना त्यातलं कौतुक जरा कमी झालं.

घर बाबांनी शेतात बांधलेलं, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे, गावापासून पाऊण किलोमीटरवर. बारा बाय वीस फूट, जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. भिंती ठणठणीत आहेत. वरती मात्र आभाळ दिसतं. मोजलं, सतरा ठिकाणी. सहा वर्षं कुणी शाकारणी केलेली नाही.

ठरवलं ते एवढंच : जूनमधली एक रात्र या घरात कोरडं झोपायचं. त्यासाठी ही वही.

आप्पा (काका) बांधावरून बघत होते. "पत्रे घाल की सरळ," म्हणाले. पत्र्याखाली एप्रिलमध्ये माणूस भाजतो आणि जुलैत बहिरा होतो. पत्रे नकोत.

१० मार्च

शिडी लावून कौलं मोजली. दोन्ही पाख्यांना (छपराच्या उतारांना) मिळून पाचशे चाळीस लागतात. त्यातली सुमारे १४० फुटलेली किंवा तडकलेली. एक कौल साधारण अडीच किलोचं, म्हणजे डोक्यावर साडेतेरा क्विंटल माती भाजून ठेवलेली आहे. वाऱ्याने हे छप्पर उडत नाही ते त्यामुळे. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळूरला कारखाना काढला आणि हे सपाट, खोबणीचं कौल या किनाऱ्यावरून घाटावर चढलं. आमच्या खानापूरच्या मातीनेही मग पिढ्यान्पिढ्या कौलं आणि विटा पुरवल्या.

फुटण्याचं कारण वर चढल्याबरोबर कळलं. आंब्याची फांदी थेट आढ्यावर आलेली, आणि फांदीवर बारा-पंधरा माकडं. उडी मारायची जागा ठरलेली असावी. तिथली तीन ओळी कौलं भुगा झाली आहेत.

आज काजूची बोंडं मनसोक्त खाल्ली. उन्हात तापलेलं बोंड झाडाखाली उभं राहून चोखायचं, रस कोपरापर्यंत जाऊ द्यायचा. साडीवर डाग पडला, तो आता जन्माचा. त्यानंतर हिरवी बी दाताने फोडायचा मूर्खपणा केला आणि ओठ चिकाने पोळला. वय ४७.

२४ मार्च

शिमगा. मेस्त्री आला नाही. येणार नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं, मलाच नव्हतं.

१३ एप्रिल

परवापासून सुट्टी लागली. कर्नाटकात शाळा मेच्या अखेरीला उघडतात, त्यामुळे महाराष्ट्रातल्या मास्तरांसारखा जूनचा अर्धा महिना हाताशी नसतो. माझ्याकडे २८ मेपर्यंतचा वेळ.

मुक्कामाला आले. बेळगावहून एसटी, बसभाडं शून्य. कर्नाटकात बायकांना मोफत बसप्रवास देणाऱ्या शक्ती योजनेचा फायदा असा की पैसे वाचले म्हणून मी दोन पिशव्या जास्त आणल्या आणि बस स्टँडपासून घरापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. खिळे चार किलो, नायलॉन दोरी, टॉर्च, आलेपाक, पुस्तकं (एकही उघडलं जाणार नाही).

कौलं उतरवायला सुरुवात. मेस्त्री वर, त्याचा मुलगा मध्ये शिडीवर, मी खाली. हातोहात. कौल आडवं ठेवायचं नाही, काठावर उभं करून एकाला एक टेकवत रांग लावायची. आडव्या ढिगातलं खालचं तडकतं. पन्नास कौलांनंतर दोन्ही तळवे मातीच्या रंगाचे.

दर चार-पाच कौलांमागे काहीतरी राहतंच. पाली, त्यांची अंडी, वाळकी पानं, एक वटवाघूळ (ते रागावून उडालं नाही, नुसतं दुसऱ्या कौलाखाली सरकलं), गांधीलमाश्यांची दोन पोळी. पोळ्यांना नारळाच्या सोडणाचा धूर दिला. मेस्त्रीला एक माशी कानाच्या पाळीला चावली. कानडीत जे बोलला ते मला समजलं, म्हणून त्याने "टीचर, चुकलं" म्हटलं.

विंचू तीन.

संध्याकाळी विहिरीचं पाणी चुलीवर तापवून उघड्यावर आंघोळ केली. तीन बाजूंनी तट्ट्या, चौथ्या बाजूला शेत आणि त्यामागे डोंगर. धुराचा वास लागलेलं पाणी. पाठीला अजून उन्हाची धग असताना वरून तांब्या ओतायचा आणि वाऱ्याने अंगावर काटा येऊ द्यायचा. बेळगावात टिळकवाडीच्या फ्लॅटमध्ये गिझर आहे, शॉवर आहे. मी तिथे पाच मिनिटांत बाहेर येते. इथे आप्पा लांबून ओरडेपर्यंत निघाले नाही.

१५ एप्रिल

वासे तपासले. किंदळाचे आहेत, दोन सोडून सगळे चांगले. रिपा (वाशांवरच्या, कौलं टेकायच्या आडव्या पट्ट्या) मात्र गेल्या. काही वाळवीने, काही भुंग्यांनी. काळा भुंगा लाकडाला बोटाएवढं गोल भोक पाडतो आणि खाली पिवळा भुसा सांडतो. भोक इतकं स्वच्छ की सुताराने गिरमिटाने पाडावं. बाजूच्या तट्टीच्या बांबूतही तीन जण राहतात. दुपारी कामात असले की डोक्याभोवती मोटर चालू.

नव्या रिपांचा हिशेब : एका पाख्याला ९ ओळी, दोन पाखे, लांबी २३ फूट. ४१४ फूट. खानापूरच्या वखारीतून आणायच्या.

२१ एप्रिल

आजची चूक माझी. नीट लिहून ठेवते.

पलीकडच्या गावात एक जुनं घर पाडलं, त्याची कौलं विकायला होती. दहा रुपयाला एक. दोनशे घेतली, टेम्पोने आणली. वाजवून बघितली, खणखणीत. रंग आमच्यापेक्षा गडद, वर शेवाळाची नक्षी. मला फार आवडली. आवडली म्हणून मापलीच नाहीत.

रिपांमधलं अंतर साडेबारा इंच धरून मेस्त्रीने मापाची काठी कापली होती. आमचं जुनं कौल त्यावर बरोबर बसतं. नवीन आणलेलं त्या रिपेवर बसतंही. मात्र शेजारच्या आमच्या कौलाच्या खोबणीत त्याची कड जात नाही. अर्ध्या बोटाचा फरक. दोन कारखाने, दोन साचे. दोघांना शेजारी बसवलं की मध्ये फट राहते आणि पाऊस त्या फटीचा पत्ता विचारत येतो.

मेस्त्रीने दोन्ही हातात एकेक कौल धरलं, कडेला कड लावली आणि म्हणाला, "टीचर, हे कानडी बोलायलंय, ते मराठी. दोघं चांगली हायत खरं खोबणीत बसंनात."

तो स्वतः घरी कानडी, कामावर मराठी आणि बायकोशी कोकणी बोलतो. त्यामुळे हा विनोद करायचा हक्क त्याचा.

आप्पांनी तोडगा काढला. एका पाख्यावर सगळी आपली, दुसऱ्यावर सगळी विकतची. पाख्यापाख्याची भेट आढ्यावरच होते आणि तिथे कोने (आढ्यावर बसणारी कौलं) झाकून घेतात. एका पाख्याला २७० लागतात. म्हणजे विकतची आणखी ७०, फुटीसाठी दहा जास्त. आपली जी १३० उरतील ती आप्पांच्या गोठ्याला. आप्पांनी तोडगा गोठा डोळ्यासमोर ठेवूनच काढला असावा.

२२ एप्रिल

८० कौलं आणली. मापली.

२८ एप्रिल

वळीव. दुपारी चारला पश्चिमेकडून काळं झालं, धुळीचा लोट आला, टप्पोरे थेंब आले आणि मग गारा. घराला छप्पर नाही. फक्त वासे आणि निम्म्या रिपा. गादी, पिठाचा डबा, सतरंजी, सगळं टेबलाखाली ढकललं आणि मी टेबलाच्या बाजूला उभी राहून भिजले. वीस मिनिटं. नंतर खोलीतल्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर पायाचे ठसे उमटत होते, म्हणजे परत सारवण.

वास मात्र असा सुटला की तक्रार करायला उभी राहिले ती नुसतीच उभी राहिले.

वीज साडेचारला गेली ती दुसऱ्या दिवशी अकराला आली. फोनची रेंज एरवीही फक्त ओढ्याकाठच्या मोठ्या खडकावर मिळते. तिथे दोन टोकांना दोन कंपन्या. गावातली पोरं संध्याकाळी तिथे बगळ्यासारखी एकेका दगडावर उभी असतात. मीही माझा दगड ठरवला आहे. परवा दुसरंच कुणी त्यावर उभं होतं, तर मला राग आला.

८ मे

चार दिवस काम बंद. निवडणुकीची ड्युटी. काल मतदान झालं. आप्पांचं मत उत्तर कन्नड मतदारसंघात, कारण खानापूर तालुका लोकसभेला तिकडे जोडलेला, माझं बेळगावात. तारीख मात्र दोघांची एकच. यंत्रं जमा करून रात्री उशिरा घरी पोचले. झोप झालीच नाही, म्हणून सकाळच्या बसने इथे येऊन दुपारभर आंब्याखाली झोपले. तांबड्या मुंग्यांनी मानेला चावून उठवलं. त्या झाडाची पानं शिवून घरं करतात आणि आपण खाली झोपलो की ती जागा त्यांना आपलीच वाटते.

आज अमावास्या. छप्पर अजून नाही, आभाळ निरभ्र. खाट खोलीच्या मधोमध ओढली. भिंती चारी बाजूंनी, वर काहीच नाही. वाशांच्या चौकटीतून सप्तर्षी, मग स्वाती. बाराच्या सुमारास आग्नेयेला वृश्चिक पुरता वर आला, नांगीसकट. त्या महाराजांच्या तीन वंशजांना आम्ही गेल्या महिन्यात कौलांखालून हाकललं, ते आठवून खाटेखाली टॉर्च मारला. काही नव्हतं.

रातवा ओरडत होता. चक्-चक्-चक्-चक्, गोट्या फरशीवर टाकाव्यात तसं. दोन तास. मध्येच थांबला की जास्त जाग येते.

पहाटे पाण्याच्या पिंपाजवळ काहीतरी मोठं श्वास टाकून गेलं. उठले नाही. उजाडल्यावर बघितलं, गव्याचे खूर, माझ्या पसरलेल्या पंजाएवढे. एकच होता. पिंप कलंडलेलं. ओढ्यावरून दहा कळशा आणून भरलेलं पाणी त्याने प्यायलं कमी, सांडलं जास्त. आप्पा म्हणाले, "पाणीच सांडलं न्हवं? भात खाल्ला असता म्हंजे कळलं असतं." कार्तिकात तयार भातावर गवे आणि डुकरं येतात तेव्हा इथली माणसं महिनाभर माळ्यावर राखणीला जागतात. त्यांच्यापुढे माझ्या दहा कळशा सांगू नयेत.

छप्पर लवकर घालायला हवं. घालायला नकोसंही वाटतंय.

१२ मे

उत्तरेचा पाखा पूर्ण. आपली जुनी कौलं, तारेच्या ब्रशने घासून, नळीतली माती काढून. खालून सुरुवात, उजवीकडून डावीकडे, प्रत्येक कौल मागच्याच्या खोबणीत बसवत. बसलं की बारीक 'टक्' होतं. न झालं तर काढून परत. संध्याकाळपर्यंत तो आवाज कानाला इतका सरावला की मी खालूनच म्हणू लागले, "ते बसलं नाही." मेस्त्रीला हे अजिबात आवडलेलं नाही.

दक्षिणेच्या पाख्यात एक काचेचं कौल बसवायचं आहे. लहानपणी याच घरात एक होतं. त्यातून पडलेला उन्हाचा तुकडा सकाळी कणगीवर असायचा, जेवणाच्या वेळेला जात्यापाशी यायचा. आई त्यावरून वेळ सांगायची. मेस्त्री नको म्हणतो : काचेचा साचा तिसराच. मी ऐकलं नाही. लिहून ठेवते, त्याने सांगितलं होतं.

१९ मे

दक्षिणेचा पाखा झाला. आढ्यावर वीस कोने, सिमेंटमध्ये. आंब्याची फांदी छाटली, छपरापासून दहा-बारा फूट लांब. माकडं दिवसभर उरलेल्या फांदीच्या टोकाला बसून अंतराचा अंदाज घेत होती. एका पिल्लाने उडी टाकली. पोचलं नाही, खाली गवताच्या भाऱ्यावर पडलं, उठून आमच्याकडेच रागाने बघितलं.

दुपारी खाली करवंदांचा द्रोण आला, वैनींकडून. काळीभोर, देठाला चीक असलेली. काम तासभर थांबलं. मेस्त्रीचा मुलगा कोंबडा की कोंबडी खेळला, फळ फोडून आत लाल निघालं तर कोंबडा. तो सारखा जिंकत होता. मी बाहेरूनच रंग ओळखायला बघत होते आणि हरत होते.

कोन्यांवर तीन दिवस पाणी मारायचं. म्हणजे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ शिडी. गुडघे विचारतात, पत्रे काय वाईट होते?

२६ मे

रोहिणी नक्षत्र लागलं. पावशा सुरू झाला. या पक्ष्यावर लोकांनी फार प्रेम केलंय, 'पेरते व्हा' म्हणतो म्हणून. तो हे रात्री तीन वाजता म्हणतो, हे कुणी सांगत नाही. दर वेळी आवाज एक पट्टी वर चढवत. मी पेरणारच नाहीये, मला झोपू दे.

संध्याकाळी ओढ्याकाठी काजवे. एका झाडावर हजारो, सगळे एकदम लुकलुकतात आणि एकदम विझतात. आप्पांना बोलावलं. त्यांनी दोन मिनिटं बघितलं, "पाऊस जवळ आला," म्हणाले आणि जनावरं बांधायला गेले. मी तिथेच बसले. डासांनी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत जेवण केलं.

परवा निघायचं. २९ला शाळा.

९ जून, रविवार

मृग परवा लागला आणि या वेळी वेळेवर बरसला. काल दुपारी आले. बस स्टँडपासून घरापर्यंतच्या पायवाटेचा आता ओढा झाला आहे. चप्पल एका ठिकाणी राहिली, पाय पुढे गेला. घरी येऊन बघितलं तर घोट्याला दोन जळवा, एक फुगून मनुकेएवढी. मीठ टाकून काढल्या. रक्त तासभर थांबत नाही आणि दुखत मुळीच नाही, याचाच जास्त राग येतो.

रात्र. हीच ती रात्र. दिवा लावल्याबरोबर पंखवाली वाळवी आली, शेकड्याने. वरणात, केसांत, या वहीच्या पानावर. दिवा विझवून अंधारात जेवले. सकाळी दाराशी पंखांचा पाचोळा आणि तो टिपणाऱ्या वैनींच्या कोंबड्या.

पाऊस नऊला धरला तो दोनपर्यंत. कौलांवरचा आवाज पत्र्यासारखा ताशा नाही, दूर कुठेतरी तांदूळ पाखडत असल्यासारखा. वळचणीची धार दोन्ही बाजूंनी. एवढं सगळं पाणी ओढ्याने मलप्रभेत जाणार, तिथून कूडलसंगमला कृष्णेत आणि पुढे बंगालच्या उपसागरात. पलीकडच्या डोंगराच्या पाठीवर पडलेलं म्हादईतून गोव्याला, अरबी समुद्रात. हे वर्गात फळ्यावर निळ्या खडूने काढते. अंधारात पडून नुसतं ऐकताना ते वेगळंच वाटत होतं.

उत्तरेचा पाखा : कोरडा. आढं : कोरडं. दक्षिणेचा पाखा : एक थेंब. थेट काचेच्या कौलाच्या डाव्या कडेखाली. मेस्त्रीला कळवायचं नाही.

पहाटे साडेपाचला ओढ्याकडून शीळ. शीळ कस्तूर पक्षी. वर्गात मागच्या बाकावरचा एखादा पोरगा काम नसताना घालतो तशी, सूर सुरू करतो आणि सोडून देतो. सवयीने "कोण आहे रे?" तोंडात आलं.

३० जून

आर्द्रा. सलग पाऊस. कपडे वाळत नाहीत, आगपेटी पेटत नाही, मीठ ओलं. पैसे किडे भिंतीवर, माठावर, एक चपलेत, गुंडाळून बसलेला. पाय घालायच्या आधी चप्पल झटकायची सवय लागली आहे. परवा स्टाफरूममध्येही झटकली, सगळे बघत होते.

वळचणीखाली टाकळा उगवलाय, कुणी न पेरता. आज भाजी केली. सोबत भाकरी, वरून वैनींनी दिलेलं लोणचं.

मेस्त्री आला होता, गोठ्याच्या कामाला. काचेच्या कौलाखाली ठेवलेला तांब्या बघितला. काही बोलला नाही. तांब्या दोन बोटं डावीकडे सरकवला. आता थेंब बरोबर आत पडतो.

रात्रीत दीड तांब्या होतो. साडेनऊला पाऊस थांबला, घटकाभर ऊन पडलं, तो तुकडा कणगीवर होता.